मोबाइलची बॅटरी सांभाळायची कशी: चार्जर निवडण्यापासून फुगलेली बॅटरी घराबाहेर काढेपर्यंत

पुण्यात सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत चार मुलं राहत असली, तरी भिंतीवर कामाचा प्लग बहुधा एकच असतो. त्याला एक एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डाला चार चार्जर आणि रात्रभर चारही फोन गादीवर, उशीजवळ. थंडी पडली की त्याच बोर्डावर पाणी तापवायचा रॉडही लागतो. अशा खोल्यांत राहणाऱ्यांसाठी, पहिलाच स्मार्टफोन घेतलेल्यांसाठी आणि गावाकडे आईवडिलांचा फोन दुरून सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. सगळं एका बैठकीत वाचायला वेळ नसेल, तर मुद्दा ६, ७ आणि ८ आत्ता वाचा, बाकीचं सवडीनं.

जवळ काय असू द्यावं

- फोनचं बिल (फोटो काढून मेलवर ठेवलेलं असलं तरी चालतं)
- आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. *#०६# डायल केलं की स्क्रीनवर दिसतो. वहीत लिहून ठेवा, कारण फोन बंद पडल्यावरच त्याची गरज लागते.
- फोटो आणि संपर्क क्रमांकांचा चालू बॅकअप
- चिकटपट्टी, एक रिकामी मातीची कुंडी आणि तीत भरण्यापुरती कोरडी वाळू. वाळू कशाला, ते सातव्या मुद्द्यात येईल.

१. आत काय आहे ते एकदा समजून घ्या

फोनच्या बॅटरीत अ‍ॅल्युमिनियमची आणि तांब्याची अशा दोन पातळ पट्ट्या असतात. दोन्हींवर रसायनांचा लेप असतो आणि मधे प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, केसापेक्षाही पातळ. हे सगळं गुंडाळून चंदेरी पिशवीत बंद केलेलं असतं आणि त्यात पेट घेऊ शकणारं द्रव भरलेलं असतं. चार्ज करताना लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) पडद्यातून ग्राफाइटच्या, म्हणजे तांब्याच्या पट्टीवरच्या लेपाच्या बाजूला जातात, फोन वापरताना परत येतात.

पडदा चिरडला, फाटला किंवा वितळला, की दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि आतल्या आत शॉर्ट होतं. पडदा साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळतो. पण त्याच्याही आधी, ८० ते १२० अंशांच्या दरम्यान, ग्राफाइटवरचा संरक्षक थर तुटू लागतो. थर तुटताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेनं आणखी थर तुटतो. इथून पुढे चार्जर काढला तरी बॅटरी स्वतःच तापत जाते. म्हणून जे काही करायचं ते या टप्प्याच्या बरंच आधी करायचं.

बॅटरीला तीन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता, सतत पूर्ण भरलेलं राहणं आणि दाब. यातल्या पहिल्या दोन एकत्र आल्या तर नुकसान कितीतरी वाढतं. कोबाल्ट प्रकारच्या लिथियम बॅटरीबद्दल नेहमी दिले जाणारे आकडे पाहा. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर पडून राहिली, तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच १०० टक्के भरून ४० अंशांत ठेवली, तर सुमारे ६५ टक्केच उरते. वापर शून्य, तरीही.

“नवा फोन आधी आठ तास चार्ज करा”, “पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका” हे सल्ले निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातले आहेत. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिला हे दोन्ही नियम लागू नाहीत. दुसरा तर उलट अपायकारक आहे.

२. चार्जर आणि केबल

अ‍ॅडॉप्टरच्या पोटावर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉट. ९ व्होल्ट, ३ अँपिअर म्हणजे २७ वॉट. टाइप-सीचा ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर फोनला लावला तर फोन जळेल, अशी भीती अनेकांना वाटते. चार्जर नीट बनवलेला असेल तर तसं होत नाही, कारण किती वीज घ्यायची ते फोन ठरवतो. काही कंपन्यांचं जलद चार्जिंग मात्र त्यांच्याच अ‍ॅडॉप्टर आणि केबलवर चालतं. दुसरा चार्जर लावला तर फोन सावकाश भरेल, एवढंच.

खरा धोका वॉटचा नसून बनावट मालाचा आहे. भारतात चार्जर, पॉवर बँक आणि लिथियम बॅटरी यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीसाठी मानक आयएस १६०४६. वस्तूवर ‘आर’ हे इंग्रजी अक्षर आणि पुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ हे अ‍ॅप उतरवून घ्या, तो क्रमांक टाका आणि समोर आलेलं उत्पादकाचं नाव व वस्तूचा प्रकार हातातल्या वस्तूशी जुळतो का ते पाहा. नुसता शिक्का पाहून समाधान मानू नका. शिक्का कोणीही छापू शकतो.

केबल पिनेपाशी उसवून आतल्या तारा दिसू लागल्या असतील, तर चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका, टाकून द्या. पिनेचं टोक तपकिरी पडलं असेल किंवा प्लास्टिक मऊ झालं असेल, तर तिथे ठिणगी उडते आहे. फोनचं तोंडही टॉर्च मारून पाहा. खिशातली कापसासारखी घाण आत ठासून बसते, पिन अर्धवट बसते आणि सैल जोडणी तापते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं ती हलकेच काढा. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका.

३. रोजचं चार्जिंग

साधारण २० ते ८० टक्क्यांच्या मधे ठेवलं तर बॅटरी जास्त टिकते. याचा धसका मात्र घेऊ नका. सकाळी सहाची गाडी असेल तर १०० टक्के भरा, काही बिघडत नाही. वाईट आहे ते रोज रात्री अकराला लावून सकाळी सातपर्यंत १०० टक्क्यांवर, तेही उशीखाली ठेवणं. आता बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे. आयफोनमध्ये ती १५ मालिकेपासून आली. सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी’ भागात ‘प्रोटेक्शन’, ‘लिमिट’ किंवा ‘ऑप्टिमाइज्ड चार्जिंग’ अशा नावानं शोधा आणि चालू करा. आईवडिलांच्या फोनमध्ये हे तुम्हीच करून द्या.

चार्जिंगला लावलेला फोन फरशीवर किंवा टेबलावर ठेवा. गादी, रजई, सोफ्याची खाच या जागा उष्णता अडवून धरतात. जाड कव्हर असेल तर काढून ठेवा. चार्जिंग चालू असताना गेम किंवा तासभर व्हिडिओ कॉल टाळा, कारण बॅटरी आणि प्रोसेसर दोन्ही एकाच वेळी तापतात. वायरलेस चार्जरवर फोन वायरीपेक्षा जास्त तापतो. त्याला चुंबकीय कव्हर किंवा मागे अडकवलेलं एटीएम कार्ड असलं तर आणखीच.

आता तो एक्स्टेन्शन बोर्ड. चार चार्जर मिळून शंभर-दीडशे वॉट घेतील, त्यानं बोर्डाला काही होत नाही. पण १५०० वॉटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो आणि साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. वायर तापते, सॉकेट सैल होतं आणि सैल सॉकेटमधल्या ठिणग्या शेजारच्या चार्जरला भोवतात. रॉड आणि इस्त्री भिंतीतल्या १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावा. तसं सॉकेट खोलीत नसेल तर घरमालकाकडे मागा. मागायला संकोच वाटण्यासारखी ही गोष्ट नाही.

आणखी एक चूक घरोघरी दिसते. जुना फोन शून्यावर जाऊन कपाटात दोन वर्षं पडलेला असतो आणि एक दिवस कोणीतरी तो चार्जिंगला लावून झोपी जातं. बॅटरी अगदी तळाला जाऊन फार काळ पडून राहिली तर आतलं तांबं विरघळू लागतं आणि चार्ज करताना भलत्या जागी साचून शॉर्ट करू शकतं. फोन बाजूला ठेवायचाच असेल तर अर्धा भरून, बंद करून, थंड जागी ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा अर्धा भरा. वर्षानुवर्षं मेलेला फोन सुरू करायचा असेल, तर आधी तो फुगलेला नाही ना ते पाहा (मुद्दा ६) आणि चार्ज होईपर्यंत समोर बसा.

४. ऊन, डिकी आणि पाऊस

बहुतेक फोन ० ते ३५ अंशांत वापरण्यासाठी बनवलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, म्हणजे सावलीतही आपण त्या मर्यादेच्या बाहेर असतो. हे शहर दुचाकीचं आहे, म्हणून दोन जागा खास सांगायला हव्यात.

पहिली जागा हँडलवरचा होल्डर. नकाशा चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण, वरून ऊन आणि खाली यूएसबीतून चार्जिंग. नळ स्टॉपच्या सिग्नलला वारा थांबला, की मिनिटाभरात फोनची पाठ हाताला चटका देऊ लागते. फोननं ‘तापमान जास्त’ असा इशारा देऊन चार्जिंग थांबवलं, तर तो बिघाड समजू नका. तो स्वतःला वाचवतो आहे. दिवसभर डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांनी चार्जिंग चालत्या गाडीवर करू नये, थांब्यावर सावलीत करावं, चालताना आवाजी सूचना लावून स्क्रीन बंद ठेवावी आणि होल्डरला टोपीसारखी सावली लावावी. तापलेला फोन फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. आत दव धरतं.

दुसरी जागा डिकी. स्कूटरची डिकी इंजिनाच्या वरच असते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सीट वरून तापते, इंजिन खालून तापवतं. परीक्षा केंद्रावर फोन आत नेऊ देत नाहीत म्हणून तो तीन तास डिकीत ठेवणारे विद्यार्थी पुष्कळ. केंद्राजवळ सामान ठेवायची सोय शोधा, नाहीतर फोन खोलीवरच ठेवून या. डिकीतच ठेवावा लागला, तर फोन बंद करा, गाडी सावलीत लावा आणि पॉवर बँक त्यात अजिबात ठेवू नका. बंद चारचाकीच्या डॅशबोर्डलाही हेच लागू.

पावसाळ्यात प्रश्न ओलाव्याचा. टाइप-सीच्या तोंडात थेंब राहिला असताना वीज सोडली, तर आतल्या पिना गंजतात आणि शॉर्ट होऊ शकतं. स्क्रीनवर ओलाव्याचा इशारा आला तर केबल काढा, फोनचं तोंड खाली धरून तळहातावर हलके ठोका आणि पंख्याखाली ठेवा. निदान अर्धा तास, कधीकधी पूर्ण दिवसही लागतो. तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदळाचे बारीक कण आत जातात. हेअर ड्रायरही नको. फोन ‘वॉटरप्रूफ’ असला तरी एकदा उघडून दुरुस्त केल्यावर त्याचं सील पहिल्यासारखं राहिलं आहे असं धरून चालू नका.

५. पॉवर बँक

एमएएच म्हणजे बॅटरी किती मोठी आहे त्याचं माप. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. आतला सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे एकूण ३७ वॉट-अवर. त्यातली साधारण १५ टक्के उष्णतेत जाते. फोनची बॅटरी १९ वॉट-अवरच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड वेळा. त्यापेक्षा फार मोठा दावा करणारी आणि हातात हलकी लागणारी पॉवर बँक घेऊ नका.

महावितरणची देखभालीची वीजकपात पुण्यात गुरुवारी असते. बुधवारी रात्री पॉवर बँक भरून ठेवली की पुरते.

लोहगावहून विमानानं जाणार असाल, तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवर: २०,००० एमएएच म्हणजे ७४, त्यामुळे चालते, ३०,००० म्हणजे १११, त्याला विमान कंपनीची परवानगी लागते.

६. बॅटरी थकली आहे की फुगली आहे

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते.

थकलेली बॅटरी: २५ टक्क्यांवरून फोन अचानक बंद पडतो, चार्जर लावताच पुन्हा २० दाखवतो. आतला रोध वाढलेला असतो, कॅमेरा उघडल्यासारखा भार आला की व्होल्टेज कोसळतं. सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ ८० टक्क्यांखाली दिसली तर बदलायचं मनावर घ्या. यात घाई नाही.

फुगलेली बॅटरी: आत द्रवाचं विघटन होऊन वायू साचलेला असतो. यात घाई आहे. ओळखायचं असं:

- फोनची स्क्रीन खाली करून काचेच्या टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्याला बोटानं हलकं ढकला. सपाट फोन घसरतो. फुगलेला मधल्या उंचवट्यावर भोवऱ्यासारखा फिरतो.
- अंधारात स्क्रीन पूर्ण उजळ करा. कडेच्या फटीतून उजेडाची रेघ दिसते का?
- वहीच्या कागदाचा कोपरा स्क्रीन आणि फ्रेमच्या मधे सरकतो का? पूर्वी सरकत नव्हता आणि आता सरकतो, तर स्क्रीन आतून उचलली गेली आहे.
- पाठीमागचं झाकण दाबलं की ‘टक्’ वाजून परत वर येतं का? एवढं कळलं की पुन्हा दाबून पाहू नका.
- नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत असेल, तर पिशवी फुटली आहे. थेट सातव्या मुद्द्याकडे जा.

७. फुगली असेल तर, याच क्रमानं

पहिलं, चार्जर भिंतीच्या स्विचवर बंद करून मग काढा. पुन्हा लावू नका, “फक्त बॅकअपपुरतं” म्हणूनही नाही.

दुसरं, फोन चालू असेल आणि हाताला गार लागत असेल, तर आहे त्या चार्जवर वाय-फायनं बॅकअप घ्या. गरम लागत असेल तर बॅकअपचा मोह सोडा. फोटो गेले तर वाईट वाटेल, पण हात भाजण्यापेक्षा ते बरं.

तिसरं, फोन बंद करा. स्क्रीन दाबून जागेवर बसवू नका, रबरबँड लावू नका, हवा काढायला टोचू तर अजिबात नका. टोचल्यावर वायूबरोबर ज्वाळाही बाहेर येते. दरवर्षी कोणीतरी हा उद्योग करतंच, म्हणून इतकं स्पष्ट सांगतो आहोत.

चौथं, कुंडीत वाळू घालून फोन त्यावर ठेवा. कुंडी बाल्कनीत, सावलीत, पावसापासून दूर आणि गॅस सिलिंडर, पडदे, रद्दी यांपासून लांब. हवाबंद डब्यात ठेवू नका. वायूला वाट हवी.

पाचवं, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या. फोन खिशात किंवा डिकीत ठेवू नका. स्टीलच्या डब्यात थोडी वाळू घालून, झाकण सैल ठेवून, हातातल्या पिशवीतून न्या. कुरिअरनं पाठवू नका.

८. धूर किंवा ज्वाळा दिसली तर

फुसफुस आवाज, धूर, फोनला हात लावता येत नाही: मेन स्विच जवळ असेल तर बंद करा आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढा. धूर विषारी असतो, त्यात श्वास घेऊ नका. पेटलेला फोन उचलून खिडकीकडे धावू नका. वीज तोडलेली असेल आणि सुरक्षित अंतरावरून जमत असेल, तर बादलीभर पाणी ओता. फोनएवढ्या बॅटरीला पाणीच हवं, कारण काम आहे ते तिला गार करण्याचं. नुसती ज्वाळा विझवली तर ती पुन्हा पेटते. ओली रजई टाकून झाकू नका, आत उष्णता कोंडते. आग फोनपुरती राहिली नसेल तर दार ओढून बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ लावा.

९. बॅटरी बदलताना

पहिली पसंती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरची. मॉडेल जुनं झाल्यामुळे तिथे बॅटरी मिळत नसेल, तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास पुष्कळ पर्याय दिसतील. बाजारात चांगला मालही असतो आणि नक्कलही, म्हणून बॅटरी बसवण्याआधी हातात घेऊन पाहा:

- मॉडेल क्रमांक जुन्या बॅटरीशी तंतोतंत जुळतो का. त्याच मापात बरेच जास्त एमएएच लिहिले असतील तर ते खोटं आहे. तेवढ्या जागेत तेवढं मावत नाही.
- वरच्या कडेला पट्टीखाली संरक्षक सर्किटचा कडक उंचवटा लागतो का. जास्त चार्ज, जास्त प्रवाह आणि शॉर्ट यांपासून वाचवणारा भाग तोच. नकली मालात काटकसर नेमकी इथे होते.
- आर-क्रमांक आणि उत्पादनाची तारीख. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेली बॅटरी ‘नवी’ असली तरी थकलेली असते.
- पिशवीला घडी, पोचा किंवा फुगवटा असेल तर परत करा.

दुरुस्ती समोर बसून करून घ्या. फोन २५ टक्क्यांच्या खाली उतरवून न्या. कमी भरलेली बॅटरी चुकून इजा झाली तरी कमी भडकते. जुनी बॅटरी गोंदानं चिकटलेली असते. ती ओढपट्टीनं, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून प्लास्टिकच्या कार्डानं सोडवायची असते. कारागिरानं स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटायला घेतली तर लगेच थांबवा.

पिन किंवा पॅटर्न सांगावा लागत नाही. काही फोनमध्ये ‘रिपेअर’ किंवा ‘मेंटेनन्स’ मोड असतो, तो लावून द्या. काम झाल्यावर स्क्रीन चारी बाजूंनी सपाट बसली आहे का ते बोट फिरवून पाहा, अर्धा तास तिथेच चार्ज करून पाठीला हात लावा आणि बॅटरीची वॉरंटी व तारीख लिहिलेलं बिल घ्या.

१०. काढलेली बॅटरी

ती दुकानात टाकून येऊ नका आणि घरच्या सुक्या कचऱ्यात तर नकोच. पुण्यात कचरा घरोघरी जाऊन ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सेवक गोळा करतात आणि हातानं वेगळा करतात. पुढे तो गाडीत दाबला जातो. दाबानं पडदा फाटतो आणि कागद-प्लास्टिकच्या ढिगात आग लागते. ज्यांचा या बॅटरीशी काही संबंध नाही, त्यांचे हात भाजतात.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये नवी घेतानाच जुनी जमा करा. ते शक्य नसेल तर सोसायटीतल्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी द्या, किंवा महापालिकेच्या आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जवळचं ई-कचरा केंद्र विचारा. देण्याआधी बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या कागदी पाकिटात घाला, पाकिटावर ‘लिथियम बॅटरी’ असं ठळक लिहा, फुगलेली असेल तर तेही लिहा, आणि पाकीट हातात देताना तोंडानंही सांगा.